जसे आहे, जेथे आहे

मराठीत ‘बोली’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि एम. ए.च्या वर्गात आम्ही त्यांपैकी एकच शिकवतो. प्रमाणभाषा आणि बोली, बोलींचे भौगोलिक व सामाजिक भेद, ग्रामीण कथेतील बोलीचा वापर हे सारे अभ्यासक्रमात असते. लिलावातली बोली तेथे नसते. वास्तविक दोन्ही एकाच ‘बोलणे’ या क्रियापदाच्या पोटच्या. एकीत माणूस आपले गाव सांगतो, दुसरीत आपली ऐपत. ‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला, ‘हर्रास’ हा अरबी-फारसीच्या वाटेने. चिंचेच्या झाडांचा किंवा आठवडे बाजाराच्या वसुलीचा ‘हर्रास’ झाला, असे जुनी माणसे अजूनही म्हणतात. शब्द कोणताही घ्या, त्यात आवाज गृहीत धरलेला आहे. एकाने ओरडायचे, दुसऱ्याने त्याच्यावर ओरडायचे आणि ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणून तिसऱ्याने विषय संपवायचा.

आंतरजालावरील लिलावात हा आवाज नाहीसा झाला आहे. बोली आहे, पण बोलणारा कोणी नाही. या मुक्या बोलीकडे आमचे लक्ष गेले ते एका मोटारगाडीमुळे, आणि तीही साधीसुधी नव्हे, तर दोन दारांची, पोट जमिनीला टेकल्यासारखी दिसणारी जर्मन स्पोर्ट्‌स कार. मराठीच्या दोन अध्यापकांचा अशा गाडीशी संबंध काय, हा प्रश्न वाचकांस पडणे रास्त आहे, तेव्हा आधी तो खुलासा.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात शिकवतो. आमच्यापैकी एकीचे बिऱ्हाड कान्ह्याला, दुसऱ्याचे चिंचवडला. पुणे-लोणावळा लोकलने वडगाव सोडले की कान्हे आणि मग कामशेत. कान्ह्याला लोहमार्ग आणि जुना मुंबई-पुणे रस्ता शेजारी शेजारी धावतात. फाट्यावरून एक रस्ता इंद्रायणी ओलांडून टाकव्याकडे आणि पुढे आंदर मावळात शिरतो. भाताची खाचरे आणि वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड यांत आता फारसे अंतर उरलेले नाही. रविवारी सकाळी लोणावळ्याकडे निघालेल्या महागड्या गाड्या या रस्त्यानेही जातात. आधी आवाज येतो, मग गाडी, आणि माणूस ओसरीवरून उठून पाहीपर्यंत दोन्ही कामशेतपलीकडे गेलेले असतात.

फाट्याजवळ जुन्या गाड्या विकणाऱ्या एका शेडमध्ये आमचा एक माजी विद्यार्थी कामाला आहे. बी. ए.ला मराठी विशेष विषय होता. कवितेच्या पेपरात बरे गुण असत. एके दिवशी तो भ्रमणध्वनीवर एक नोटीस घेऊन घरी आला. म्हणाला, “मॅडम, हे जरा वाचून द्या. सरांनाही दाखवा. इंग्रजीतलं मला कळलं, मराठीत छापलंय ते कळत नाही.”

नोटीस एका बँकेची होती. कर्ज थकल्यामुळे ताब्यात घेतलेल्या वाहनांचा ई-लिलाव. त्यात त्याने खूण केलेली गाडी ऑडी टीटी, २०१५ सालची. नवी असताना साठ लाखांच्या घरातली. राखीव किंमत अकरा लाख, अनामत दहा टक्के. खाली ते प्रसिद्ध सूत्र: ‘जसे आहे जेथे आहे’, ‘जसे आहे जे आहे’ आणि ‘जे काही आहे तेथे आहे’ तत्त्वाने विक्री करण्यात येईल. वृत्तपत्राच्या शेवटच्या पानांवर हे शब्द आम्ही अनेकदा पाहिले होते, वाचले मात्र त्या दिवशी. एखाद्या उपनिषदाचे भाषांतर करावयास बसावे तसा अनुभव आला. तीन वाक्ये, आणि तिन्हींत ‘आहे’ याखेरीज दुसरे क्रियापद नाही. केवळ अस्तित्वाची ग्वाही, गुणांविषयी मौन. अद्वैत्यांनी ब्रह्माविषयी याहून कमी सांगितले असेल असे वाटत नाही.

विनोद बाजूला ठेवला तर या तीन वाक्यांत संपूर्ण व्यवहाराचा भार विक्रेत्याच्या खांद्यावरून ग्राहकाच्या खांद्यावर ठेवलेला आहे, हे उघड आहे. गाडी चालू आहे का? ‘माहीत नाही.’ किल्ल्या किती? ‘एक.’ किलोमीटर किती? तो रकाना रिकामा, आणि छायाचित्रात फलक काळा, कारण बॅटरी उतरलेली. गाडी पाहता येईल, सुरू करून पाहता येणार नाही. थकलेले कर, दंडाच्या पावत्या, जागेचे भाडे खरेदीदाराकडे. आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की संहितेत काय आहे याइतकेच काय गाळले आहे तेही वाचा. त्या संध्याकाळी आम्ही गाळलेल्या गोष्टींची यादी केली, ती नोटिशीपेक्षा मोठी झाली. नोंदणी बँकेने आपल्या नावावर करून घेतली आहे का? त्यासाठी नमुना ३६ असतो, मालकी बदलावयास २९ आणि ३०, बोजा उतरवावयास ३५. हे आकडे आम्हांस त्यानेच शिकवले. वृत्तांच्या गणांसारखे त्याला ते पाठ होते.

पैसा कोठला, हे त्याने आपण होऊन सांगितले. घरचा शेताचा एक तुकडा विकला गेला होता, त्यातला त्याचा वाटा बँकेत मुदतठेवीत होता. धाकट्या बहिणीचे लग्न अजून व्हायचे होते. गाडी घ्यायची, दुरुस्त करायची, वीस लाखांच्या आसपास विकायची, असा त्याचा हिशोब. आमच्याकडून त्याला सल्ला नको होता, वाचन हवे होते. पण वाचन करून देणाऱ्याला सल्ल्यातून सुटता येत नाही, हे प्रत्येक शिक्षक जाणतो.

म्हणून आम्ही काही दिवस या विषयाचा अभ्यास केला, आणि सांगावयास हवे की तो रंजक निघाला. परदेशातून तयार येणाऱ्या महागड्या गाडीवर आपल्याकडे दीर्घकाळ शंभर टक्के सीमाशुल्क होते. म्हणजे पहिला मालक जवळपास गाडीइतकीच रक्कम सरकारजमा करतो. नवेपणाचा आनंदही तोच भोगून टाकतो. दुसऱ्या मालकाला यांपैकी कशाचीच किंमत द्यायची नसते, म्हणून पहिल्या काही वर्षांत भाव कोसळतो. इथवर सोपे आहे. मौज पुढे आहे: गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. साठ लाखांची गाडी बारा लाखांत मिळते, पण तिचा गिअरबॉक्स साठ लाखांच्या गाडीचाच राहतो आणि त्याच भावाने दुरुस्त होतो. कित्येक घराण्यांची अशी अवस्था झालेली मराठी कादंबरीने पाहिली आहे. वाडा स्वस्तात जातो, कौले शाकारण्याचा खर्च मात्र वाड्याच्याच मापाने येतो. शिवाय कमी धावलेली गाडी चांगली आणि फार दिवस उभी असलेली वाईट, आणि या दोन गोष्टी बहुधा एकाच गाडीत असतात. दोन पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीची रबरे सुकतात, तारा उंदीर खातात, टायर एका जागी चपटे होतात.

मग एखाद्या गाडीचा भाव खाली जाऊन पुन्हा वर कसा चढतो? चढतो, हे खरे. पोर्श ९११ची हवेने थंड होणारी इंजिने १९९८ साली बंद झाली आणि त्यानंतर काही वर्षांनी त्याच जुन्या गाड्यांसाठी लोक धावू लागले. फेरारीची २५० जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या ३६ तयार झाल्या; त्यांतली एक २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा आलेख ओळखीचा वाटेल. लेखक जातो, पुस्तके पदपथावर येतात, वीस-पंचवीस वर्षे कोणी नाव घेत नाही, आणि मग एक पिढी ती शोधू लागते. फरक इतकाच की पडत्या काळातल्या हजारांतून एखादाच वर येतो आणि तो कोणता, हे त्या काळात कोणालाही सांगता येत नाही. टीटी काही ३६ तयार झाल्या नव्हत्या.

याच संदर्भात आम्हांस २०१९ सालचे दोन लिलाव आठवले. पंजाब नॅशनल बँकेच्या घोटाळ्यात परागंदा झालेल्या नीरव मोदीची जप्त मालमत्ता त्या वर्षी विकली गेली. मार्चमध्ये मुंबईत चित्रे, एप्रिलमध्ये आंतरजालावर मोटारी. मोटारींचा लिलाव एम.एस.टी.सी. या सरकारी कंपनीने केला. १९६४ साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या नावातली अक्षरे मुळात धातूच्या भंगाराच्या व्यापाराची. रोल्स-रॉइस विकण्यासाठी यापेक्षा मार्मिक दुकान शोधून सापडले नसते. रोल्स-रॉइस घोस्टला १ कोटी ३३ लाख आले, पोर्श पानामेराला ५४ लाख ६० हजार. आणि महिनाभर आधी, त्याच माणसाच्या भिंतीवरचे वासुदेव गायतोंडे यांचे १९७३ सालचे एक अनाम तैलचित्र २५ कोटी २४ लाखांना गेले होते.

गायतोंडे नागपुरात जन्मलेले, गोव्याकडच्या घरातले, गिरगावात वाढलेले, जे. जे.त शिकलेले. २००१ साली वारले तेव्हा चित्रकलेच्या वर्तुळाबाहेर फारशी कोणी दखल घेतली नाही. २०१४ साली न्यू यॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. एकाच घरातून जप्त झालेल्या दोन वस्तू: एक निघाली त्या दिवसापासून उतरत गेली, दुसरी चाळीस वर्षे भिंतीवर गप्प राहून चढत गेली. हे ऐकून कोणा कलाप्रेमी वाचकाने लगेच आनंदू नये. पंचवीस कोटी देणाऱ्याला त्या चित्रातले मौन ऐकू आले म्हणून त्याने ते दिले, असे मानण्यास आधार नाही. ‘मूल्य’ आणि ‘किंमत’ हे शब्द समीक्षेत आम्ही वेगळे ठेवतो. लिलावात ते एका रकान्यात येतात आणि रकान्याला त्यांतला भेद कळत नाही.

मराठी माणसाच्या स्मरणात मात्र जुनी स्पोर्ट्‌स कार म्हटली की एकच येते. सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि २००२ साली त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. मायकेल शूमाकरच्या हस्ते. पुढच्या वर्षी तिच्यावरचे एक कोटीहून अधिक सीमाशुल्क सरकारने माफ केले, त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर ते फियाट कंपनीने भरले. २०११ साली गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाने घेतली. भेट मिळालेली वस्तू विकावी की विकू नये, यावर तेव्हा आमच्या अध्यापक-कक्षात दोन तट पडले होते. रमेश तेंडुलकर हे कीर्ती महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक आणि कवी; तेव्हा ही एका परीने मराठीच्या प्राध्यापकाच्या घरातली फेरारी, आणि त्यावर बोलण्याचा हक्क आपलाच, असे आम्हां सर्वांना वाटत होते! पुढे २०२० साली सचिनने एका मुलाखतीत सांगितले की आपली पहिली गाडी, मारुती ८००, परत मिळवायची आहे. कोणाला ठाऊक असल्यास कळवावे. शोध मारुतीचा, फेरारीचा नव्हे. आमच्या विद्यार्थ्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “सर, त्या मारुतीला रिझर्व्ह प्राइस कोण लावणार?”

स्पोर्ट्‌स कारविषयी लिहिताना पुण्यातल्या माणसाला १९ मे २०२४ची रात्र टाळता येत नाही. कल्याणीनगरात पोर्श टायकानने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा सतरा वर्षांचा. त्या गाडीची कायम नोंदणी १,७५८ रुपयांच्या शुल्कासाठी अडलेली होती. बालन्याय मंडळाने जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध घातला. पुढे संतापानंतर तो आदेश बदलला. आम्ही अठरा-वीस वर्षे निबंध तपासत आहोत. निबंध या प्रकाराची इतकी किंमत याआधी कोणी केली नव्हती, आणि इतकी अवहेलनाही. त्या पंधरवड्यात वर्गात ‘निबंध लिहा’ असे म्हणताना आमची जीभ अडखळत असे, आणि मुले खाली पाहून हसत. ते हसू चुकीचे होते असे आम्हांस वाटत नाही.

असो. गाडी पाहावयास तो आपल्या चुलत्यांना घेऊन गेला, आणि हौसेने आम्हीही गेलो. चुलते बैलगाड्यांच्या शर्यतींतले जुने माणूस. कान्हे-टाकव्याच्या पट्ट्यात शर्यतीच्या खिल्लाराची जी प्रतिष्ठा आहे ती समजल्यावाचून मावळातला मोटारींचा हव्यास समजणार नाही. घाटात मोजून काही सेकंदांची बारी; त्या सेकंदांवर बैलाची किंमत लाखांत चढते आणि एक पाय दुखावला की उतरते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. चुलत्यांनी पहिली दोन वर्षे जोडी नुसती दावणीला ठेवली. पळणाऱ्या बैलाचा खुराक साधा नसतो. तो चालूच, आणि घाट बंद. गाडीच्या सुट्या भागांचा न्याय येथेही लागू. शेवटी त्यांनी जोडी विकली, मिळेल त्या भावाने. १६ डिसेंबर २०२१ला न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, १८ मे २०२३ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला, आणि भाव पुन्हा असे भडकले की शर्यतींना बक्षिसे म्हणून मोटारी ठेवल्या जाऊ लागल्या. चुलत्यांची दावण रिकामीच होती. बैल तेच, पाय तेच. निकालपत्राने त्यांची किंमत एकदा पाडली, एकदा चढवली.

चुलत्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बैल घेताना दात पाहतात: आदत, दुसा, चौसा, जुळलेला. खूर पाहतात, भोवरे पाहतात. येथे पाहण्यासारखे काय, या विचाराने ते क्षणभर थांबले आणि पुतण्याला म्हणाले, “तू बघ तुझं.” मग पुतण्याने जे केले ते आम्ही विसरणार नाही. त्याने डिकी उघडली, तळाचा गालिचा उचलला आणि खाली वाकून वास घेतला. आसनाखालचे बोल्ट बोटाने चाचपले. पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्याचे टोक पाहिले, तेथे पिवळट रेघ होती. “पाणी शिरलेलं आहे,” तो म्हणाला. “पुराचं नसेल, तुंबलेलं. पण शिरलंय.” नोटिशीच्या तीन वाक्यांवर आम्ही तीन दिवस घालवले होते, हे त्यांत कोठेही नव्हते आणि असणारही नव्हते. आमच्या वर्गात तीन वर्षे बसून हा मुलगा काय शिकला असेल ते असो, वाचायला तो दुसरीकडेच शिकला होता.

परतताना चुलत्यांनी चाकणच्या बाजाराची गोष्ट काढली. शनिवारी तेथे जनावरांचा बाजार भरतो, आणि त्याच चाकणच्या परिसरात २००९पासून मर्सिडीज व फोक्सवॅगनच्या गाड्या तयार होतात. बाजारात हेडी सौदा करतात तो उपरण्याखाली. दोघांचे हात फडक्याखाली, बोटे धरायची, दाबायची. शेकडा किती, हजार किती, भोवतालच्यांना कळत नाही. तोंडाने मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा. म्हणजे मुकी बोली आंतरजालाने आणलेली नाही. ती आपल्याकडे होतीच. पण उपरण्याखाली समोरच्याचा हात असतो, तो गरम आहे की थंड, थरथरतो का, हे कळते. चुलते म्हणाले, “हात सोडायची घाई करणारा खरा गिऱ्हाईक नसतो.”

पाणी शिरल्याचे कळूनही त्याने लिलावात उतरायचे ठरवले. मात्र मर्यादा घातली: तेरा लाख, वर एक रुपया नाही. वायरिंगचा खर्च त्याने नव्याने धरला होता. ही मर्यादा त्याने कागदावर लिहून बहिणीकडे दिली, हे आम्हांस फार आवडले.

लिलाव दुपारी एक ते दोन. आम्ही सहा जण ओट्यावर, मध्ये एक भ्रमणध्वनी. दीड वाजेपर्यंत काही हालले नाही. दोनला पाच मिनिटे उरली असता आकडा हलला. अशा लिलावांत शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप पाच मिनिटांनी वाढते, आणि ही वाढ अमर्याद असते. ‘तीन वार’ कधी होणारच नाहीत अशी ही व्यवस्था आहे. दोन वाजून वीस मिनिटांनी बारा लाख ऐंशी हजार. त्याने तेरा टाकले. चार मिनिटे शांतता. बहिणीच्या हातात कागद होता, तिने तो उघडला नाही. मग तेरा-दहा आले, तेरा-वीस आले; दोन अनोळखी आकडे आपसांत भांडू लागले आणि आमचा आकडा मागे पडला. त्याने भ्रमणध्वनी जमिनीवर ठेवला. गाडी तीन वाजता पंधरा लाख चाळीस हजारांना गेली.

“कुठल्या गावाला गेली?” चुलत्यांनी विचारले.

“दिसत नाही.”

“घेतली कुणी?”

“नाव दिसत नाही, अण्णा. नुसता नंबर दिसतो.”

चुलत्यांचा विश्वास बसला नाही. त्यांची जोडी २०१६ साली गेली ती कोणत्या गावी, कोणाच्या गोठ्यात, आणि तेथून पुढे कोठे, हे त्यांना आजही तोंडपाठ आहे. त्यांनी भ्रमणध्वनी हातात घेऊन पडदा वर-खाली सरकवून पाहिला, आणि परत दिला.

अनामत आठव्या दिवशी जमा झाली, त्यातून काही शे रुपये कापून. ते कशाचे, हे नोटिशीत आम्हांस पुन्हा शोधूनही सापडले नाही. ठेव त्याने पुन्हा मुदतीत टाकली आहे. सध्या शेडमध्ये एक जुनी स्विफ्ट आली आहे, तिची डिकी उघडून तो गालिचा उचलत होता, तेव्हा लोकल पकडण्याच्या घाईत आम्ही फक्त हात केला.